हॉस्टेलमागची गल्ली

सोमवारी दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये छोट्या थरारपटाची तयारी करणाऱ्या मुलांनी वर्गातल्या मुलींना विचारलं, "तुम्हाला भीती कुठे वाटते?" सगळ्यांनी एकच जागा सांगितली: हॉस्टेलमागची गल्ली. तिथला दिवा कधीचा बंद आहे.

"लोकेशन मिळालं!" दिग्दर्शक साहिलने मित्राकडे टाळी मागितली.

"मी आजच दिव्याची तक्रार करतेय," हॉस्टेलवर राहणारी ऋतुजा म्हणाली.

"ए बाई, शूटिंग होईपर्यंत थांब ना! उजेड पडला तर सगळा मूड जाईल."

एकीची रोजची वाट दुसऱ्याला आयता सेट वाटते, आणि याला संशोधन म्हणतात.

ऋतुजाने तिथूनच पालिकेला फोन लावला. "नोंद घेतली," पलीकडून उत्तर आलं. संध्याकाळी ती त्याच अंधारातून हॉस्टेलवर गेली.