वाळूवरची रांगोळी

आज सकाळी मनीषनगरच्या फ्लॅटच्या दारात रांगोळी काढताना चिमटीतून भुकटी सरसरत सुटली, आणि मी थेट जैसलमेरला पोचले.

आईबरोबरची ती एकच सहल. दिवसभर तिनं किल्ला आणि हवेल्या निव्वळ माझं मन राखायला पाहिल्या. संध्याकाळी वाळवंटात जीपमधून उतरलो, तशी ती जागीच थांबली. समोर टेकडीभर वाऱ्यानं ओढलेल्या बारीक रेघा, एकही मोडलेली नाही.

"चाल ना वं आई, सूर्य बुडून राहिला," मी म्हटलं.

"एवढं रेखलं कोणी, अन् मी त्याच्यावर पाय देऊ?"

चपला हातात घेऊन ती कडेकडेनंच चढली, घरी रांगोळीला वळसा घालायची तशी. मला हसूच आलं. वर पोचल्यावर तिनं मागे पाहिलं. वारा आमची पावलं बुजवत होता.

"पाह्य, पुसून राहिला. आपण येऊन गेलो, हे कोणाले समजन?"

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मघाशी भाजी आणायला निघाले, तर माझे पाय आपसूक रांगोळीच्या कडेनं गेले.

मले समजते वं, आई.