टपेट कव्हर आणि ताडपत्री

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लकवा मारला त्याला दोन पावसाळे झाले. उजवं अंग गेलं. बोलता येतं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो. त्यांचा छोटा टेम्पो तेव्हापासून दाराशी उभा. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आमच्या चाळीत जो तो विचारायचा, विकणार का म्हणून. माझा दीर अंबरनाथला राहतो, तो तर गिऱ्हाईकच घेऊन आला. माझी मुलगी त्याला म्हणाली, "काका, चहा घ्या. गाडी मी चालवणार." बापानेच तिला शिकवलेलं, लायसन पण होतं. दीर चहा न घेता गेला.

काम असं. उल्हासनगरच्या शेठच्या कारखान्यातून जीन पँटींची गाठोडी उचलायची, अंबरनाथ-बदलापूरच्या बायांकडे धागे कापायला टाकायची, झालेला माल परत न्यायचा. पोरगी चालवणार, मी बाजूला. गाठोडी बांधायची, चढवायची, वर ताडपत्री ओढायची. गाठोडी बांधण्यातच माझी हयात गेली. ह्याच शेठच्या बापाच्या वेळेपासून बांधते. गुडघा रोवायचा आणि सुतळी ओढायची, कचकचून. दोन्ही गुडघे त्यातच गेले. माझ्या बरोबरच्या सगळ्यांचेच गेले, त्याचं काय सांगायचं.

मग ऑइल गळायला लागलं. आमच्या टेम्पोचं इंजिन सीटखाली आहे. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याला टपेट कव्हर म्हणतात. झाकणाखाली रबराची पॅकिंग, वरून सहा बोल्ट. तिथून ऑइल झिरपायचं, खाली तापलेल्या पाइपावर पडायचं आणि धूर व्हायचा. मागे जागा पुरली नाय की एक गाठोडं आम्ही पायाशी घ्यायचो. त्याला वास लागला.

शेठने पँट नाकाला लावली. "अम्मा, ये क्या लाई हो? इसमें भजिया तला क्या?" कारखान्यातली पोरं हसली, तो पण हसला. मग हळूच म्हणाला, "सोमवार को ऐसा आया तो दूसरी गाड़ी लगाऊंगा. बुरा मत मानना."

वाईट काय वाटून घ्यायचं? त्याला पँट विकायची असते. पण बाई ड्रायव्हर बघून दुसरं कोण आम्हाला काम देत नव्हतं. हे काम गेलं की टेम्पो दिराच्या गिऱ्हाइकाकडे जाणार, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

विठ्ठलवाडीचा आमचा मेकॅनिक गावाला गेलेला. पोरगी नवी पॅकिंग घेऊन आली. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, झाकण खोललं. जुनी पॅकिंग काढली, नवी बसवली. पोरगी म्हणाली, "आई, तुझा हात जड. तू आवळ."

मी आवळायला घेतलं. एका कोपऱ्यातला बोल्ट धरला तो पार शेवटपर्यंत, गाठोडं बांधते तसा. मग त्याच्या बाजूचा. मग त्याच्या पुढचा. मालक खाटेवरून दारातनं बघत होते.

"ह... हळू."

"अहो, हळू आवळलेलं म्हणूनच गळतंय ना?" मी म्हणलं.

गाडी चालू केली. आधी एका बाजूने गळायचं, आता दुसऱ्या बाजूने जास्त. पोरगी म्हणाली, "अजून दाब." मी अजून दाबलं. पॅकिंग जिभेसारखी बाहेर आली आणि तुटली. पोरीने पायात चप्पल सरकवली आणि दुसरी पॅकिंग आणायला गेली.

मी वेस्टच्या चिंधीने हात पुसत बसले. मालकांनी हाक मारली. "ताडपत्री... कशी बांधतेस?"

म्हणलं, हे काय आता विचारायचं? पण सांगितलं. आधी चारी कोपरे सैल अडकवायचे. मग हा कोपरा थोडा ओढायचा, मग त्याच्या समोरचा तिरका, मग राहिलेले दोन. परत पहिल्यापासून. एकच कोपरा ओढला तर सगळी ताडपत्री तिकडे जाते, दुसरीकडून वारा घुसतो.

"मग?" ते म्हणाले.

एवढंच. मी त्या सहा बोल्टांकडे बघितलं. ती ताडपत्री पण त्यांनीच मला शिकवलेली, शिव्या घालून.

पोरगी आल्यावर आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीसकट गाडीजवळ नेलं. जुन्या रबराचा चिकटलेला तुकडा न तुकडा खरवडला, दोन्हीकडे कोरडं पुसलं. सहाही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी बसवले. मग पाना घेतला. मधले दोन जरासे. मग कोपरे, तिरके. परत मधले. मालक पॅकिंगच्या कडेवरची नजर काढत नव्हते. पुढच्या फेरीला माझा हात परत जोर करायला लागला.

"बास."

"अहो, पण सैल लागतोय."

"बास म्हणलं ना. पॅकिंग... दबायला पायजे. मरायला नाय."

पोरगी हसली. "बाबा, आज लय बोलताय."

"तुझ्या आईनं... लावलं बोलायला."

सोमवारी माल भरला, पायाशी पण एक गाठोडं घेतलं, मुद्दाम. अंबरनाथला गाडी बाजूला लावून सीट उचलली. झाकणाच्या कडेने बोट फिरवलं. कोरडं. तरी उल्हासनगरला पोचेपर्यंत मी सारखी वाकून वास घेत होते.

शेठने पायाशी ठेवलेलंच गाठोडं सोडायला लावलं. वरची पँट हुंगली, मग मधनं एक ओढून हुंगली. "अम्मा, भजिया बंद?"

"बंद," मी म्हणलं.

"कल जल्दी आना. माल ज़्यादा है."

घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मी म्हणलं, "उद्या निघायच्या आधी एकदा जरासं आवळून घेते. उगीच धोका नको."

त्यांनी डावा हात पुढे केला. "पाना दे."

मला वाटलं, बघायला मागतायत. त्यांनी तो उशीखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पाना अजून तिथेच असतो. लागला की मागावा लागतो. ते आधी विचारतात, "पहिला कुठला बोल्ट?" मी सांगते, मधला. मग देतात.