नवरीचा मुकुट

ते प्रकरण आठवलं की आजही शरम वाटते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी म्युनिकमध्ये पोलीस अधिकारी होतो. आईवडील पुण्याहून इथे आलेले, त्यामुळे घरी मराठीच.

स्वीडनमधल्या एका छोट्या नगरपालिकेच्या संग्रहालयातून चांदीचा जुना मुकुट नाहीसा झाला होता. गाव जंगलातलं. लाकडाची गिरणी बंद पडली, तरुण मंडळी शहरात गेली. उरलेल्यांनी ते संग्रहालय जपलं होतं. गावातली प्रत्येक नवरी लग्नात तो मुकुट घालायची आणि नंतर जागेवर नेऊन ठेवायची. किल्ली एका आजीबाईंकडे असे.

खबर दिली तिथून सुट्टीवर आलेल्या एका शिक्षिकेने. म्युनिकमधल्या फोटो स्टुडिओच्या काचेत लग्नाचा फोटो होता आणि जर्मन नवरीच्या डोक्यावर तोच मुकुट. स्टुडिओतून नवरदेवाचं नाव मिळालं. ते वाचून वरिष्ठ मला म्हणाले, "तुमच्याकडचा दिसतो. तुम्हीच बघा."

तो मुलगा इथे पीएचडी करत होता. जंगलाच्या अभ्यासासाठी एक उन्हाळा त्या गावात, आजीबाईंच्याच घरी राहिला होता. गप्प राहण्याचा हक्क समजावून मी चौकशी सुरू केली.

"मुकुट गावाने भेट दिला," तो म्हणाला.

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं सांगत सुटतो. यानेही समारंभ सांगितला, भाषणं सांगितली.

"ठीक आहे, आजीबाईंना बोलावतो," मी म्हणालो.

इतका वेळ जर्मन बोलणारा तो एकदम मराठीत आला. "काका, त्यांना नका ना बोलावू."

मग सगळं बाहेर आलं. सासरचे त्याला कमी लेखत. आपल्यालाही कुठेतरी मान आहे हे दाखवायला त्याने मुकुट उचलला. परत नेऊन ठेवायचं धाडस झालं नाही. आम्ही घरातून मुकुट जप्त करत असताना त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, "म्हणजे मी चोरीचा मुकुट घातला होता?"

ओळख पटवायला आजीबाई आल्या. त्याला भेटायचा हट्ट त्यांनीच धरला. समोर बसून साध्या इंग्रजीत म्हणाल्या, "मागितला असतास तर मी स्वतः घेऊन आले असते. लग्नालाही आले असते."

त्याने तोंड हातांनी झाकून घेतलं. मलाही त्या बाईंच्या नजरेला नजर देता येईना.

तोवर मी समजत होतो की आरोपी शिक्षेला घाबरतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारत आलो: "हे कुणाला कळू नये असं वाटतं?" बहुतेक जण तिथेच रडायचे.