सॉरी की सरी

शाळेची बस बंद होणार, हे शाळेनं फार गोड भाषेत कळवलं. मुलांची ने-आण करताना पालकांना म्हणे त्यांच्यासोबत निवांत वेळ मिळेल. सकाळी शाळेच्या वेळेला बेंगळूरच्या येलहंक्याच्या चौकात निवांत वेळ कुठं सापडतो, ते लिहिणाऱ्यानं एकदा येऊन दाखवावं.

माझी नोकरी देवनहळ्ळीच्या बाजूला, लेकीची शाळा नेमकी उलट्या दिशेला. बस गेली तर दोन्हीकडे वेळेवर पोचणं मला शक्यच नव्हतं. नवरा घरूनच काम करतो. तरी जेवताना म्हणाला, "कोणाला तरी नोकरी सोडावी लागेल." आणि मग भाताकडे बघत राहिला. माझं डोकंच फिरलं. ती नोकरी मला हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळाली नव्हती.

बस वाचवायला सगळे पालक शनिवारी शाळेत जमणार होते. मला सुट्टी नव्हती, म्हणून नवऱ्याला पाठवलं. हा पुण्याचा. आमच्या माहेरच्या कितीतरी पिढ्या बेंगळूरातच वाढल्या, आम्ही मराठीतही अण्णा-अक्का करतो. हा मात्र इतकी वर्षं इथं राहून कन्नड शिकला नाही. इंग्रजीत भागतं की सगळं, असं त्याचं मत.

संध्याकाळी घरी आले तर स्वारी मैसूरपाकाचा डबा उघडून बसलेली. मोहीम फत्ते झाली होती. पालक तावातावानं बोलले, यानं स्वतः टेबलावर हात आपटला, आणि बसचं काम बघणारे म्हातारे मॅनेजर मान खाली घालून एकसारखं सॉरी, सॉरी म्हणत राहिले. शाळेनं माफी मागितली म्हणजे बस चालू राहणारच, असा याचा हिशेब.

माझ्या तोंडातला मैसूरपाक तोंडातच राहिला. मी विचारलं, "सॉरी म्हणाले, की सरी?"

"तेच ते. त्यांचे उच्चार तसेच असतात."

कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं, ठीक. भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो, माझी आई फोनवर दर वाक्याला म्हणते. मॅनेजरांच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच होता, की ऐकलं तुमचं, आता निघा.

सोमवारी बस आली नाही. लेक दप्तर अडकवून कोपऱ्यावर उभी. बराच वेळ रस्त्याकडे बघून मला म्हणाली, "अम्मा, आता तू ऑफिसला नाही जाणार?"

इतकं सहज विचारलं तिनं, की मला रडू आलं. 'कोणीतरी' म्हणजे कोण, हे त्या एवढ्याशा पोरीनंही गृहीत धरून टाकलं होतं.

तिला घेऊन मी घरी परतले आणि स्कूटरची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. बस पुन्हा सुरू होईपर्यंत रोज तू सोडायचंस, म्हटलं. सोडून झालं की लॅपटॉप घेऊन त्या मॅनेजरांच्या समोर खुर्ची टाकून बसायचं. बाकीच्या बापांनाही बोलवायचं. तिथं विचारायला एक कन्नड वाक्य त्याच्याकडून घोकून घेतलं: बस यावाग? म्हणजे, बस कधी?

दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नीट म्हणाला. मग किल्लीकडे बघत हळूच पुटपुटला, "सॉरी."

"सरी," मी म्हटलं, आणि देवनहळ्ळीची बस धरायला निघाले.