लाडकीचं वय

डहाणूच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात निर्मला कॅन्सर विभागाच्या फायली भरते. बी.ए. झाल्या झाल्या लागली, त्याला सात वर्षं झाली. गेल्या वर्षी तिथे एक कॉम्प्युटर आला. दवाखान्याच्या जुन्या फायली वाचून तो शिकला आणि आता नव्या पेशंटसारख्या शंभरांपैकी किती जण दोन वर्षं काढतील, ते सांगतो. आकडा चाळिसाच्या खाली आला की डॉक्टर श्यामकांत जोरकस उपचारांना कचरतात.

झरी गावच्या लाडकीचा आकडा आला एकतीस.

"म्हणजे आईला गोळ्या देऊन घरी न्यायचं?" तिचा मुलगा नविन विचारत होता. बाकावर लाडकीच्या मांडीवर सात वर्षांची मुलगी झोपली होती.

"नात का गं?" निर्मलाने लाडकीला विचारलं.

"नात कशाला? माझीच पोर. शेंडेफळ."

निर्मलाने फाईल पाहिली. वय सदुसष्ट. "मावशी, हे आधारवर कुणी लिहिलं?"

"कॅम्पातल्या पोऱ्यानं. मी तापातून उठलेली, हाडं वर आलेली. वय इचारलं. मला काय ठाव? म्हटलं, दिसंल ते लिही बाबा. त्याला म्हातारी दिसली!" लाडकी हसली. निर्मलाला हसू आलं नाही.

लाडकी शाळेत गेली नव्हती, पण थोरली बहीण, नाव काळी, चौथीपर्यंत शिकलेली. ती लाडकीपेक्षा तीन पावसाळ्यांनी मोठी. नविन दुसऱ्या दिवशी तिचा शाळेचा दाखला घेऊन आला.

"निर्मलाताई, कागदावर सदुसष्टच आहे," डॉक्टर म्हणाले.

"सर, या दाखल्यावर थोरली पन्नाशीची, तर धाकटी सदुसष्टची कशी?"

डॉक्टरांनी दाखला दोनदा वाचला. वय सत्तेचाळीस घातल्यावर आकडा आला छप्पन्न. ऑपरेशन गुरुवारी ठरलं.

"आधी त्या मशिनीनं माझं तोंड पाहिलं व्हतं का, बाय?" लाडकीने विचारलं.

"नाही मावशी. त्यानं फक्त मी लिहिलेलं वाचलं."

हे बोलताना निर्मलाच्या ध्यानात आलं: मशीन ज्या फायली वाचून शिकलं, त्यांतली वयंही तिनेच आधारवरून उतरवली होती. तिने डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाले, "वयं तपासून होईपर्यंत आकडा बघायचा नाही. फोन लावायला घ्या."

गोळ्यांवर घरी पाठवलेल्यांच्या फायली तिने आधी काढल्या. पहिलीच तलासरीकडच्या शुक्राची, वय त्रेसष्ट. फोन त्याच्या बायकोने, संगीताने उचलला.

"वहिनी, दवाखान्यातून बोलतेय. शुक्राभाऊंचं खरं वय किती?"

"ते तं होळीच्या आधीच गेले."

"हो... पण वय?"

"चाळीस-बेचाळीस असंल. आता कशाला पायजे, बाय?"

निर्मलाने रकान्यातलं त्रेसष्ट खोडून बेचाळीस लिहिलं. संगीता पलीकडे थांबूनच होती. फोन न ठेवता निर्मलाने फाईलवरचा 'गोळ्यांवर घरी' हा शेरा पुन्हा वाचला.