दोन घंट्यांची सायकल

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा गेटवरच्या स्टँडमध्ये माझ्या सायकलशेजारी रोज एका वऱ्हाडी कामगाराची सायकल लागायची. नाव मी कधी विचारलं नाही. सायकल म्हणजे भंगारच. फ्रेमला दोन जागी वेल्डिंग. पण दर पगाराला तिच्यावर नवा दागिना चढायचा. कधी डायनामो, कधी आरसा, कधी सीटला मखमली कव्हर. ड्यूटीवरून कितीही थकून आला, तरी रुमालानं आधी तिची चाकं पुसायचा, मग स्वतःचं तोंड. एकदा पाहतो तर हँडलला दोन घंट्या!

"इथले रस्ते तं मोकळे. दोन-दोन घंट्या कावून लावल्या?" मी हसत विचारलं.

"सायकल माह्या बापाची व्हय," तो म्हणाला. "गावात पाटलाच्या घरासमोर त्याले उतरून, सायकल हातात धरून जा लागे. घंटी त्यानं जिंदगीत नाई वाजवली. मंग एक माह्यी, एक त्याची."

माझं हसू तिथंच विरलं. ती रीत आमच्याही गावात होती. मला मात्र कधी उतरावं लागलं नव्हतं.

भीमजयंतीला दुर्ग स्टेशनवर सायकल लगेजच्या डब्यात चढवून तो गावी गेला. परतला तेव्हा आरशाला निळी झेंडी बांधलेली होती, आणि चाकांवरची गावची धूळ त्यानं मुद्दाम पुसली नव्हती.

"वाजवली का मंग?" मी विचारलं.

"दोन्ही!" तो म्हणाला. "पाटील पाह्याले बाहेर आला, तं सीटवरूनच जयभीम केला."