कुणालाही वाचता येईल असं

हुशार माणसांचा मला तिटकारा आहे, आणि तो मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका शेडच्या माळ्यावरच्या ऑफिसात कमावला. आम्ही तिथं द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर लिहायचो. कुठला घड निर्यातीच्या पेटीत जाईल आणि कुठला इथल्या बाजारात, हे आमचा प्रोग्रॅम ठरवायचा. लिहिणारे दोघंच: मी आणि आमचा विद्वान. मालक मूळचे सटाण्याचे कांदा व्यापारी.

प्रोग्रॅम लिहायची भाषा फंक्शनल प्रकारची होती, म्हणजे एकेक काम करणारे छोटे तुकडे, फंक्शनं, जोडत जायची. तिच्यात एकदा मांडलेली गोष्ट मागून कुणी बदलत नाही. पट्ट्यावरून घड सरकावेत तसा माल एका छोट्या फंक्शनकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. तिच्या कलानं लिहिलं तर कोड सरळ वाचता येतो. माझा यायचा. घड घ्या, सुकलेल्या देठाचे काढा, मणी मोजा, गोडी तपासा, पेटी ठरवा. एका ओळीला एक काम आणि त्या कामाचंच नाव, तेही मराठीत. विद्वान ते बघून म्हणाला, "मॅडम, ही काय साबुदाण्याच्या खिचडीची कृती आहे का?"

त्याचा कोड उजवीकडून डावीकडे वाचावा लागायचा. नावं एकेका अक्षराची. अक्षराचाही कंटाळा आला की स्वतः बनवलेली चिन्हं: बाण, ठिपके, चांदण्या. हे वाचायचं कसं, असं मी एकदा विचारलं. "हे वाचायचं नसतं मॅडम, फील करायचं असतं." असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, ही देवाची कृपा. भाषेनं हात धरून दाखवलेली वाट सोडायची, तिला डोंबाऱ्याच्या दोरीवर चढवायचं आणि वर याला सौंदर्य म्हणायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

मालकांना मात्र त्याचं भारी कौतुक. पाहुणे आले की त्यांना ते विद्वानाच्या स्क्रीनसमोर उभं करायचे. "बघा, कळतंय का काही? मलाबी नाय कळत!" हे अभिमानानं. माझ्या स्क्रीनसमोर कधी कुणी थांबलं नाही. तिथं काय, चार साध्या ओळी.

ऐन हंगामात परदेशी खरेदीदारानं मण्यांच्या आकाराचा नियम बदलला. मी एक ओळ बदलली, चाचण्या चालवल्या आणि डबा खायला बसले. "झालं? एवढंच व्हतं?" मालक म्हणाले. ही बाई इतके दिवस इथं करते काय, अशी शंका त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. पेट्यांवरच्या लेबलांचा भाग विद्वानाकडे होता. त्याला तोच बदल करायला आठवडा लागला. एक चांदणी हलवली की भलतीकडची लेबलं कोरी निघायची, आणि तो कपाळाला हात लावून बसायचा. मालक त्याच्यासाठी मिसळ मागवायचे आणि मला ऐकवायचे, "पोरगं लय राबतं हो." स्वतः मारलेल्या गाठी स्वतः सोडवत बसण्याला राबणं म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

हंगाम संपला आणि एक मोठं पॅकहाऊस आम्हाला सोडून गेलं. दोघांना ठेवणं परवडत नाही, एकाला जावं लागेल, असं मालकांनी सांगून टाकलं. नाशकात या भाषेचं काम देणारं दुसरं ऑफिस मला माहीत नव्हतं. ही नोकरी गेली की पुणं गाठायचं, आणि घरी वडील अंथरुणाला खिळलेले. माझ्या हातचं सोडून कुणाच्या हातचा घास ते घेत नसत. तरी मी निर्धास्त होते. आमच्या दोघांतला फरक आंधळ्यालाही दिसेल, अशी माझी समजूत होती.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. तो त्यांनी आधी कधी मागवला नव्हता.

"मॅडम, वाईट नका वाटून घेऊ. त्याला काढलं तर त्याचं कोण बघील? ते कुणालाच वाचता येत नाय. तुमचं काय, तुमचं कुणीबी वाचील."

मला इतका राग आला की बशीत चहा सांडला. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणायचीही सोय नव्हती. या गाढवानं गूळ बरोबर ओळखला होता. माझ्या कामाची खरी पारख त्यांनी पहिल्यांदाच केली आणि तीच माझ्या मुळावर आली.

शेवटच्या दिवशी विद्वान काम समजून घ्यायला माझ्या शेजारी बसला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. घड घ्या, सुकलेल्या देठाचे काढा, मणी मोजा. तो कुठंच अडखळला नाही.

"एवढंच?" त्याची चक्क निराशा झाली होती.

"एवढंच."

मी बॅग उचलली तसा तो दारापर्यंत आला. "काही अडलं तर फोन करू ना, मॅडम?"

"कर की," मी म्हणाले.

आता मी पुण्यात असते. वडील बहिणीकडे आहेत, अर्ध्या पोळीवर ताट सारतात म्हणे. तिकडे द्राक्षांचा हंगाम येतो, खरेदीदारांचे नियम दरवर्षीसारखे बदलतात. त्या दिवसांत मी फोन हाताशी ठेवते. त्याला काय सुनवायचं, ते शब्दन् शब्द ठरवून ठेवलं आहे.

त्याचा फोन अजून एकदाही आलेला नाही.